थोडक्यात वाचलात? तक्रार करा : सायकलस्वारांनी धोकादायक ड्रायव्हिंगची माहिती पोलिसांना कशी द्यावी

टेम्पोचा आरसा माझ्या कोपराच्या इतक्या जवळून गेला की बाही फडफडली. हँडल घट्ट धरलं, पुढचं चाक डांबर सोडून खडीत उतरलं, आणि मी सावरेपर्यंत टेम्पो दिसेनासा झाला. मी पडलो नाही, सायकलला ओरखडाही नाही. घरी येऊन ‘आज थोडक्यात वाचलो’ एवढंच बोललो आणि कामाला लागलो. पुढच्या महिन्यात त्याच रस्त्यावर आमच्या गटातल्या एका मुलीला तसाच कट बसला. ती पडली, मनगट मोडलं. टेम्पो तोच होता का? सांगता येत नाही, कारण पहिल्या वेळी मी नंबरच टिपला नव्हता.

तेव्हापासून मी प्रत्येक गंभीर प्रसंगाची तक्रार करतो. ती कशी करायची हे चुका करत करत शिकलो. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो : आपल्याला काय वाटलं यावर पोलिसांना कारवाई करता येत नाही, काय घडलं यावर येते. भीती खरी असते, पण कागदावर तिचं अंतर, वेळ, नंबर आणि क्रम यांत रूपांतर व्हावं लागतं. पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

‘काही झालंच नाही, मग तक्रार कसली?’ असं बरेच सायकलस्वार म्हणतात. लंडनच्या वेस्टमिन्स्टर विद्यापीठात रेचल आल्ड्रेड यांनी २०१४ पासून अशा टळलेल्या अपघातांचा अभ्यास केला. त्यांना आढळलं की ताशी सुमारे १३ किलोमीटरपेक्षा कमी वेगाने सायकल चालवणाऱ्यांना वेगाने जाणाऱ्यांच्या तुलनेत मैलामागे जवळपास तिप्पट असे प्रसंग येतात. म्हणजे झळ सर्वांत जास्त बसते ती सावकाश जाणाऱ्यांना, नवख्यांना, आणि हीच माणसं दोन-तीन कट बसले की मुकाट्याने सायकल चालवणं सोडून देतात. अपघाताच्या नोंदीत त्यांचं नाव कधीच येत नाही.

कोणत्या गोष्टीची तक्रार करावी

प्रत्येक हॉर्नची तक्रार होऊ शकत नाही आणि करूही नये. मी स्वतःला एक प्रश्न विचारतो : मी ब्रेक दाबला नसता, हँडल वळवलं नसतं, किंवा हातभर इकडे-तिकडे असतो, तर धडक झाली असती का? उत्तर ‘हो’ असेल तर तक्रार.

कट मारून जाणं हा सर्वांत नेहमीचा प्रकार. दुसरा, आपल्याला ओलांडून लगेच आपल्यासमोरून वळणं. सायकलस्वाराचे जीव जाण्यात या प्रकाराचा, विशेषतः अवजड वाहनांचा, मोठा वाटा असतो. मग उभ्या गाडीचं दार न बघता उघडणं, सिग्नल तोडून आडवं येणं, चुकीच्या बाजूने समोरून अंगावर येणं, मोबाइल हातात घेऊन गाडी चालवणं, आणि मुद्दाम पुढे येऊन करकचून ब्रेक मारणं. या शेवटच्या प्रकाराकडे पोलीसही वेगळ्या नजरेने पाहतात, कारण तो निष्काळजीपणा नसून धमकी असते.

ड्रायव्हर दारू प्यायलेला वाटत असेल किंवा पुन्हा पुन्हा अंगावर गाडी घालत असेल, तर लेखी तक्रारीची वाट पाहू नका. सुरक्षित जागी थांबा आणि आपत्कालीन क्रमांक लावा. भारतात आणि युरोपीय संघात ११२, ब्रिटनमध्ये ९९९.

पहिली पाच मिनिटं

गाडीचा पाठलाग करू नका. पुढच्या सिग्नलला गाठून काच ठोठावण्याची इच्छा फार जोरात होते, मला अजूनही होते. पण त्यातून वाद होतो, कधी मारहाण होते, आणि मग आपली तक्रार मागे पडून ‘रस्त्यावर भांडण, दोघांचीही चूक’ एवढंच उरतं.

गाडी दिसते आहे तोवर नंबर मोठ्याने वाचा. दोनदा. कॅमेरा असेल तर आवाज रेकॉर्ड होतो, आणि चित्रात पाटी धूसर आली तरी नंबर हाती राहतो. कॅमेरा नसेल तर मोठ्याने म्हटलेला नंबर डोक्यात टिकतो. पूर्ण नंबर जमला नाही तर शेवटचे चार आकडे, गाडीचा रंग, प्रकार, मागच्या बाजूला लिहिलेलं नाव, मोडका दिवा, छतावरचं कॅरिअर, जे दिसेल ते. कधी कधी ‘निळी ताडपत्री, डावा मागचा दिवा फुटलेला’ एवढ्यावरही गाडी सापडते.

मग कडेला थांबा, श्वास खाली बसू द्या आणि फोनवर स्वतःलाच आवाजी संदेश पाठवा : वेळ, नेमकी जागा, काय झालं, काय करावं लागलं. आठवण फार लवकर बदलते. घरी पोहोचेपर्यंत चार जणांना सांगून झालेलं असतं आणि प्रत्येक वेळी टेम्पो थोडा जास्त जवळ आलेला असतो. म्हणून पहिली नोंद कोणाशीही बोलण्याआधी करा.

आजूबाजूला कोणी पाहिलं असेल तर त्यांचं नाव आणि फोन मागून घ्या. ‘तुम्ही फक्त पाहिलं तेवढं सांगाल का?’ असं विचारलं की बरेच लोक तयार होतात. दुकान, पेट्रोल पंप, सोसायटीचं फाटक यांचे कॅमेरे रस्त्याकडे तोंड करून आहेत का ते बघून ठेवा. असं रेकॉर्डिंग बहुतेक ठिकाणी काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून तक्रारीत त्याचा उल्लेख लवकर झाला पाहिजे.

शरीराला काही लागलं असेल, अगदी खरचटलं असेल तरी डॉक्टरांना दाखवा आणि कागद जपा. पडल्यावरचं दुखणं अनेकदा दुसऱ्या दिवशी वर येतं.

कॅमेरा : काय दिसतं आणि काय दिसत नाही

कॅमेऱ्याशिवाय तक्रार होते. पण कॅमेरा असेल तर ती टिकते. एकच घेणार असाल तर पुढे लावायचा की मागे, यावर सायकलस्वारांत मतभेद आहेत. पुढच्या कॅमेऱ्यात गाडी पुढे गेल्यावर तिची मागची पाटी आणि आपल्या हँडलपासूनचं अंतर येतं. मागच्यात गाडी किती आधीपासून दिसत होती, तिने बाजूला व्हायचा प्रयत्न केला का, शेजारची लेन रिकामी होती का हे येतं. माझं मत : परवडत असेल तर दोन, एकच असेल तर पुढे.

थोडं गणित करून पाहा. आपण ताशी २० किलोमीटरने जातोय, गाडी ६० ने. वेगातला फरक ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेत असेल तर दोन चित्रांमध्ये गाडी आपल्या तुलनेत जवळपास ३७ सेंटिमीटर सरकते. पाटी वाचता येईल इतकी जवळ आणि सरळ अशी गाडी मोजक्याच चित्रांत सापडते. म्हणून सेकंदाला ६० चित्रं हा पर्याय असेल तर तो निवडा. उजेड कमी झाला की कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि पाटी फरपटल्यासारखी दिसते. रात्री आपल्याच दिव्याच्या झोतात पाटी पांढरीफटक होते. तेव्हा मोठ्याने वाचलेला नंबरच कामी येतो.

दुसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. या कॅमेऱ्यांची भिंग रुंद कोनाची असते. त्यात जवळची वस्तू लांब गेल्यासारखी दिसते. जो कट बसल्यावर पोटात गोळा आला, तो पडद्यावर ‘बरंच अंतर होतं की’ असा दिसतो. तक्रार वाचणाऱ्या अधिकाऱ्यालाही तसंच दिसणार. म्हणून अंतर चित्राच्या भरवशावर सोडू नका, मापाने सांगा. ते कसं, हे पुढे येतं.

कॅमेऱ्याचं घड्याळ महिन्यातून एकदा तरी फोनच्या घड्याळाशी जुळवा. बॅटरी पूर्ण उतरली की अनेक कॅमेरे तारीख विसरतात, आणि चुकीची तारीख छापलेला व्हिडिओ दिला तर पहिला प्रश्न तिथेच उभा राहतो. चूक नंतर लक्षात आली तर व्हिडिओ दुरुस्त करू नका, तक्रारीत सरळ लिहा : ‘कॅमेऱ्याचं घड्याळ ११ मिनिटं पुढे होतं.’

कार्ड भरलं की जुनं पुसून नवं रेकॉर्डिंग चालू होतं. त्यामुळे घटना घडली की कॅमेऱ्यावरचं लॉक बटण दाबा, किंवा कॅमेरा बंदच करा. घरी आल्यावर मूळ फाइल जशीच्या तशी दोन ठिकाणी साठवा. कापाकापी करायची ती प्रतीवर. मूळ फाइलला हात नको, तिचं नावही बदलू नका. मेसेजिंग अॅपवरून पाठवलेली फाइल दाबून लहान केलेली असते आणि तिच्यातली वेळेची माहितीही बहुधा निघून जाते, म्हणून पोलिसांना तीच देऊन मोकळे होऊ नका.

किती मिनिटांचं चित्रीकरण द्यायचं? घटनेआधी आणि नंतर किमान एक-दोन मिनिटं. फक्त आठ सेकंदांचा तुकडा दिला तर ‘त्याआधी तुम्ही काय केलं होतं?’ हा संशय उरतो. त्याआधी आपण खरोखरच सिग्नल तोडला असेल तर तोही दिसणार. दिसू द्या. लपवलेलं नंतर सापडलं तर सगळीच तक्रार कोसळते.

सायकल कॉम्प्युटर किंवा फोनवरची फेरीची नोंदही जपा. ७ वाजून १२ मिनिटांनी वेग २० वरून ६ वर आला, हे त्यात सेकंदानिशी दिसतं. आपल्याला ब्रेक मारावा लागला याचा हा स्वतंत्र पुरावा.

अंतर शब्दांत कसं पकडायचं

अनेक देशांनी सायकलला ओलांडताना किती अंतर ठेवायचं ते आकड्यात सांगितलं आहे. जर्मनीत २०२० पासून गावात किमान १.५ मीटर आणि गावाबाहेर २ मीटर. फ्रान्समध्ये वस्तीत १ मीटर, बाहेर १.५ मीटर. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटरपर्यंत असेल तिथे १ मीटर, त्यापुढे १.५ मीटर. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ च्या बदलांनंतर ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाला किमान १.५ मीटर, वेग जास्त असेल तर त्याहून अधिक. आपल्या ठिकाणचा नियम काय आहे हे एकदा नीट वाचून ठेवा आणि तक्रारीत त्याच शब्दांत उतरवा. आकडा नसला तरी ‘पुरेसं अंतर’ आणि ‘धोकादायक पद्धतीने’ हे शब्द कायद्यात असतात.

आता माप. आपल्या हँडलची रुंदी घरी टेपने मोजा. सरळ दांड्याचं हँडल बहुतेकदा ६० ते ७५ सेंटिमीटर भरतं. चित्रात गाडी आणि हँडलचं टोक यांच्यामध्ये असं अर्धं हँडल मावत होतं की पूर्ण, हे सांगता येतं.

याहून पक्की खूण म्हणजे रस्त्यावरची रेघ. लेन ३.५ मीटर रुंद धरा. साधी मोटार आरशांसकट सुमारे २ मीटर. उरले १.५. आपण कडेपासून अर्धा मीटर आत चालतोय, आपल्या हँडलचं बाहेरचं टोक कडेपासून साधारण ८० सेंटिमीटरवर येतं. म्हणजे मोटार लेनच्या अगदी पलीकडच्या रेघेला चिकटून गेली तरी मध्ये ७० सेंटिमीटरच राहतात. ‘ड्रायव्हरने मला ओलांडताना लेनची रेघ ओलांडली नाही’ हे एक वाक्य त्यामुळे फार मोलाचं आहे. ते चित्रात स्पष्ट दिसतं, त्यावर वाद होत नाही, आणि १.५ मीटर अंतर ठेवणं तिथे शक्यच नव्हतं हे त्यातून आपोआप सिद्ध होतं.

निवेदन लिहिताना

आधी एक वाईट नमुना, माझाच, पहिल्या तक्रारीतला : ‘टेम्पोवाला बेफामपणे मला उडवायलाच आला, त्याला कोणाच्या जिवाची पर्वा नव्हती.’ यात पोलिसांना तपासता येईल अशी एकही गोष्ट नाही. ड्रायव्हरच्या मनात काय होतं हे मला माहीत नव्हतं. त्याच घटनेचं निवेदन आता मी असं लिहीन :

‘मंगळवारी सकाळी ७ वाजून १२ मिनिटांनी मी दोन पदरी रस्त्यावरून उत्तरेकडे जात होतो. डांबराच्या कडेपासून अर्धा मीटर आत, सरळ रेषेत, ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने. रस्ता कोरडा होता, उजेड चांगला होता, मागचा लाल दिवा चालू होता. समोरून एक बस येत होती. त्याच वेळी मागून आलेल्या पांढऱ्या टेम्पोने मला ओलांडलं. टेम्पोने मधली रेघ ओलांडली नाही. त्याचा आरसा माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावरून गेला. मला हँडल वळवून डांबराखाली खडीत उतरावं लागलं. ओलांडण्याआधी टेम्पोचा वेग कमी झाल्याचं जाणवलं नाही, पुढे जाताना ब्रेकचे दिवे लागले नाहीत. मी पडलो नाही. मला कोर्टात साक्ष द्यावी लागली तर माझी तयारी आहे.’

यात शिवी नाही, विशेषण नाही. जागा, वेळ, आपण कुठे होतो, ते कुठे होते, त्यांनी काय केलं, आपल्याला काय करावं लागलं. व्हिडिओ जोडत असाल तर घटना कोणत्या मिनिट-सेकंदाला आहे ते लिहा. तपासणाऱ्याकडे अशा डझनभर फाइल्स असतात, त्यांचा वेळ वाचला तर आपलंच काम होतं. अंदाज असेल तिथे ‘अंदाजे’ लिहा, खात्री असेल तिथे ‘अंदाजे’ नको. आणि शेवटचं साक्षीचं वाक्य खरं असेल तरच लिहा, कारण तक्रारदार साक्षीला येणार नसेल तर बऱ्याच तक्रारी तिथेच थांबतात.

कुठे, कशी आणि किती दिवसांत

इथे देशादेशांत फरक आहे, पण एक सल्ला सगळीकडे लागू आहे : त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. ब्रिटनमध्ये अनेक वाहतूक गुन्ह्यांत गाडीच्या नोंदणीकृत मालकाला कारवाईची सूचना १४ दिवसांच्या आत जावी लागते. त्या मुदतीत पोलिसांना व्हिडिओ बघायचा, मालक शोधायचा, पत्र काढायचं असतं. तेराव्या दिवशी आलेली तक्रार कितीही भक्कम असली तरी हातातून निसटते. तिथे व्हिडिओ ऑनलाइन देण्याची व्यवस्था नॉर्थ वेल्स पोलिसांनी २०१६ मध्ये ‘ऑपरेशन स्नॅप’ या नावाने सुरू केली आणि नंतर ती इतर दलांत पसरली.

भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १८४ धोकादायक ड्रायव्हिंगसाठी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात सिग्नल तोडणं, हातात फोन धरून गाडी चालवणं, बेकायदा पद्धतीने ओलांडणं हेही नाव घेऊन आलं आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवण्याबद्दल आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय सुरू करू शकतात) माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. मात्र तीन दिवसांत जाऊन तिच्यावर सही करावी लागते. ‘ही आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवणं याच कलमाला धरून नाही, घटना कोणत्याही हद्दीत घडली तरी माहिती नोंदवून घ्यायची आहे. गुन्हा नोंदला तर प्रत मोफत मिळते. नोंदवायला नकार मिळाला तर तेच निवेदन पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येतं, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

प्रत्येक कटावर गुन्हा नोंदला जाईल असं नाही. वाहतूक शाखेकडे गेलेल्या तक्रारीवर दंडाची किंवा ताकीदीची कारवाई होते, आणि साध्या प्रसंगात तेच योग्यही आहे. दुखापत झाली असेल, मुद्दाम अंगावर घातली असेल, गाडी पळून गेली असेल, तर मात्र पोलीस ठाण्यातच जा.

ठाण्यात जाताना निवेदनाच्या दोन प्रती न्या. एकीवर तारीख, शिक्का आणि सहीची पोच घ्या. व्हिडिओ पेन ड्राइव्हवर द्या आणि निवेदनात फाइलचं नाव व आकार लिहा. भारतात असा पुरावा कोर्टात दाखल होताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य येतं. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा : एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. मूळ फाइलला हात लावू नका असं मी इतक्यांदा म्हणतोय ते यासाठी.

अंमलदारांशी बोलताना दोन वाक्यांत मुद्दा सांगा आणि निवेदन पुढे करा. ‘लागलं तर नाही ना कुठे?’ असं ते विचारतील. मी तेव्हा सांगतो, ‘नाही साहेब, लागलं नाही. लागू नये म्हणूनच आलोय.’ यानंतर बहुतेक वेळा कागद वाचला जातो.

तक्रार दिल्यानंतर

व्हिडिओ लगेच समाजमाध्यमांवर टाकू नका. ड्रायव्हरचा चेहरा, नंबर आणि आपला राग एकत्र बाहेर पडला की प्रकरण कोर्टात गेल्यावर ड्रायव्हरला बचावासाठी त्याचाच उपयोग होतो, आणि नंबर चुकीचा वाचला असेल तर निरपराध माणसाच्या मागे लोक लागतात. निकाल लागेपर्यंत थांबा.

गाडीचा मालक आणि चालवणारा एकच असेल असं नाही. म्हणून पोलीस आधी मालकाला विचारतात. त्या वेळी गाडी कोण चालवत होतं हे सांगणं त्याला कायद्याने बंधनकारक आहे : भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम १३३, ब्रिटनमध्ये रोड ट्रॅफिक ॲक्टचं कलम १७२. बस, टॅक्सी किंवा कंपनीची गाडी असेल तर कंपनीलाही स्वतंत्रपणे लेखी कळवा आणि त्या वेळचं जीपीएस व गाडीतल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग जपून ठेवायला सांगा. पोलिसांआधी तिथून हालचाल झाल्याचं मी दोनदा पाहिलं आहे.

दोन आठवड्यांनी तक्रारीचा क्रमांक देऊन चौकशी करा. ‘कारवाई करता येत नाही’ असं उत्तर आलं तर कारण विचारा, लेखी मागा. पाटी वाचता आली नाही, अंतर ठरवता आलं नाही, साक्षीदार नाही : कारण कळलं की कॅमेऱ्याचा कोन बदलता येतो, पुढचं निवेदन सुधारता येतं.

कारवाई झाली नाही तरी नोंद जपा. माझ्या वहीत प्रत्येक प्रसंगाला एक ओळ आहे : तारीख, वेळ, जागा, वाहनाचा प्रकार, नंबर, तक्रार क्रमांक, निकाल. वर्षभराने आमच्या गटातल्या सात जणांच्या वह्या एकत्र ठेवल्या तेव्हा जवळपास निम्म्या नोंदी एकाच चढावरच्या होत्या, जिथे रस्ता अचानक अरुंद होतो आणि गाड्यांना पुढचं दिसत नाही. ती यादी आम्ही नकाशासह वाहतूक पोलिसांना आणि रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या खात्यालाही दिली. आता त्या चढावर ओलांडायला मनाईचा फलक आहे आणि मधली रेघ अखंड झाली आहे.

टेम्पोचा नंबर मला कधीच मिळाला नाही. पण त्या रस्त्यावर आता आमच्यापैकी कोणालाही कट बसला, तर घरी पोहोचायच्या आत त्याची नोंद झालेली असते.